खाली येणारा ठिपका

१

डोंगरावर बारा खांब आहेत. पहिला आमच्या घरामागं, कुंपणाला लागून. बारावा पार वर, गवत संपून जुना बर्फ सुरू होतो तिथं. प्रत्येक खांबाला जाळीचा एक तंबू ताणलाय आणि तंबूच्या शेंड्याला स्पिरिटची बाटली. माशी, डास, पाखरू, जे उडतं ते जाळीला धडकतं, वर वर चढतं आणि बाटलीत पडून मरतं. किड्याला वर जायचीच खोड असते. खाली उतरलं तर सुटू, एवढी अक्कल त्याला नसते.

दर आठ दिवसांनी मी भरलेल्या बाटल्या काढतो, नव्या लावतो, चिठ्ठीवर खांबाचा नंबर लिहून चिकटवतो आणि खाली लॅबमधल्या बाईला नेऊन देतो. चार वर्षं झाली या कामाला. लॅबमध्ये मला सगळे खांबवाले म्हणतात.

बाई शिकलेली, हाडकुळी, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारी. ती बाटलीतल्या किड्यांचा कुटून लगदा करते आणि मशीनमध्ये घालते. पहिल्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, "बाई, एवढं मरमरून आणलेले किडे तुम्ही कुटून टाकता, मग मी चिमट्यानं एकेक निवडून कशाला देऊ? आधीच ठेचून आणतो." ती हसली. मग समजावलं. प्रत्येक जिवाच्या अंगात एक सही असते, डीएनए म्हणतात तिला. जीव मेला तरी सही राहते. मशीन ती सही वाचतं आणि सांगतं, हा डास खालच्या गावचा, ही माशी डोंगरापलीकडची.

भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा आहे, त्यावर रंगीत ठिपके. दर वर्षी ठिपके वर सरकतात. माझ्या लहानपणी ओढ्याच्या वर डास दिसायचा नाही, थंडीच मारून टाकायची. आता बर्फ मागं हटतोय आणि डास त्याच्या मागं मागं चाललाय. बाराव्या खांबावर यंदा एवढे डास की तोंड उघडायची सोय नाही.

यंदा नवीन मशीन आलं. ते एकेका डासाच्या पोटातलं रक्तसुद्धा वाचतं. कोणाला चावून आलाय ते कळतं. शेरडू, कोल्हा, पक्षी.

त्या दिवशी मी बाटल्या ठेवून निघालो होतो. बाईनं हाक मारली.

"खांबवाले, बसा जरा. तुम्ही बाराव्या खांबावर किती वेळ थांबता?"

"बाटली बदलायला लागतो तेवढा. पाच मिनिटं."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय. तिथं काय माझं सासर आहे?"

ती हसली नाही. समोर एक कागद सरकवला. "मागच्या खेपेच्या बाराव्या बाटलीत रक्त प्यालेले सत्तावन्न डास आहेत. सगळ्यांच्या पोटात माणसाचं रक्त. एकाच माणसाचं. तुमचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं कशावरून?"

"तुमची सही आहे ना आमच्याकडे. कामाला लागलात तेव्हा तोंडात काडी फिरवून दिली होती. तुमचा घाम, थुंकी चुकून बाटलीत आली तर वजा करता यावी म्हणून. हात लागला तर थोडं येतंच. पण हे पोटातलं रक्त आहे. सत्तावन्न डास. म्हणजे तुम्ही तिथं उघड्या अंगानं बसला होतात. तास, दोन तास."

मी तोंड उघडलं होतं. चांगली शिवी तयार होती. ती तशीच गिळली.

कारण ती काडी माझ्या तोंडातली नव्हती.

२

ते असं झालं होतं.

कामाला लागायच्या दिवशी एका पोऱ्यानं माझ्या हातात पाकीट दिलं, आत कापूस लावलेली काडी. म्हणाला, गालाच्या आतून फिरवा. मी भडकलो. मी काय चोर आहे का, माझी थुंकी जमा करून ठेवायला? काम करायचं तर करतो, नाहीतर गेलात उडत. असं बोलून पाकीट बाकावर फेकलं आणि बाहेर आलो.

माझा धाकटा भाऊ बरोबर आला होता. त्याचं नाव कागदावर कुठंच नव्हतं, नुसता माझ्या सोबतीला. तो गालात हसत म्हणाला, "दादा, काम घालवतोस का एका काडीपायी? दे इकडे." त्यानं काडी स्वतःच्या तोंडात फिरवली, पाकिटात घातली, वर माझं नाव होतंच. "तुझ्या नावानं माझी थुंकी," म्हणाला, "तुझी तुला शोभत नव्हतीच तशी." दोघं हसत हसत घरी आलो. परत त्याचा कोणी विषयच काढला नाही.

धाकटा मागच्याच्या मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी गेला. बाराव्या खांबाच्या अलीकडे, बर्फाच्या भेगेत पडून. त्याचं काही सापडलं नाही. या चार वर्षांत मी एकच आठवडा बाटल्या आणल्या नाहीत, तोच तो आठवडा.

आणि बाई मला सांगत होती की डासाच्या पोटात रक्त फार तर दोन-तीन दिवस टिकतं. मग पचून जातं.

"परत असं करू नका," ती म्हणाली. "चार वर्षांचा हिशोब बिघडतो माझा. परत झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी मान हलवली. ज्या माणसानं आयुष्यात कोणापुढं मान हलवली नाही, त्यानं.

३

घरी आई खिडकीशी बसलेली असते. गुडघे गेले तिचे, पण नजर ससाण्यासारखी आणि कान माझ्यापेक्षा तिखट. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चूल, आईची खाट, माझी खाट. आतली खोली धाकट्याची होती. तिचं दार आईनं लावून घेतलंय.

मी डोंगरावरून आलो की ती एकच विचारते. दोन वर्षं झाली, एक खेप चुकलेली नाही.

"शेवटी काय बोलला रे तो?"

आणि मी सांगतो, "काही नाही आई. पडला तो पडलाच. आवाजसुद्धा आला नाही."

"बरं," ती म्हणते आणि परत खिडकीकडे बघते. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कोणाला हार जात नाही.

आता कोंबडं झाकून काय उपयोग. सांगतो.

त्या दिवशी तो म्हणाला होता, दादा, बर्फ भुसभुशीत झालाय, वळसा घालून जाऊ. मला गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर ऊन, पाठीवर बाटल्या. मी म्हटलं, भित्रा आहेस तू, लहानपणापासून भित्रा, आईच्या पदराखालचा. तो सरळ बर्फावरून चालायला लागला. दहा पावलं. अकरावं पाऊल दिसलंच नाही.

पण आवाज आला. भेगेच्या कडेला पालथा पडून मी ऐकलं. तो बोलत होता. पाय मोडलाय म्हणाला. हात वर येत नाही म्हणाला. दोरी सोडली, ती पोचली नाही. तासभर मी तिथं होतो. मग वारा सुटला, बर्फ पडायला लागला, आणि मी म्हटलं, माणसं घेऊन येतो. तो खालून ओरडला, "दादा, थांब." मी म्हटलं, आलोच.

खाली पळत आलो. गावातली माणसं गोळा झाली. कंदील पेटले. कोणीतरी विचारलं, बोलतोय का तो?

बोलतोय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग त्याला एकट्याला टाकून आलास कसा? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. म्हटलं, नाही. आवाज बंद झाला.

मग कोणी घाई केली नाही. मेलेल्यासाठी जिवंत माणसं कशाला घालवायची, सकाळी जाऊ म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. सकाळी गेलो तर रात्रीच्या बर्फानं भेग बुजलेली.

एवढंच. एक शब्द खोटा. नाही.

४

पुढच्या खेपेला मी अंगाचं बोटभर कातडं उघडं ठेवलं नाही. दोन शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, डोक्यावर जाळी. लोक बघून म्हणाले, मधाला चाललास की चोरीला? प्रत्येक खांबावर मी मनात आकडे मोजले. तीनशेच्या वर कुठंच थांबलो नाही.

चौथ्या दिवशी बाईनं परत बोलावलं. तिचा चेहरा असा की मला वाटलं कोणी गेलं हिचं.

"बाराव्यावर काही नाही," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला.

"दहाव्यावर आहे. एकशे चार डास."

"बाई, मी शपथेवर सांगतो..."

"शपथ नका घेऊ. मशीनला शपथ कळत नाही." मग जरा मऊ झाली. "तुम्ही आजारी आहात का? घरी काही आहे का? माणसं डोंगरावर जाऊन बसतात कधीकधी. मी समजू शकते."

मी डोकं चालवलं. म्हटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. ती म्हणाली, चिठ्ठ्या तुमच्याच हातच्या आहेत. म्हटलं, मशीन नवीन आहे, चुकत असेल. ती म्हणाली, तीनदा लावलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, भावाभावाची सही एक असते का हो?

"अगदी एकसारखे जुळे असले तर. एरवी सारखेपणा असतो, पण एक नसते. का?"

"असंच."

आम्ही जुळे नाही. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान.

त्याच्या पुढच्या खेपेला सातवा.

सातव्या खांबावर मी स्वतः बघितलं, बाटली काढायच्या आधी. जाळीच्या मागं गवत दबलेलं होतं. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला तर दबेल तेवढी जागा. मी म्हटलं, शेरडू बसलं असेल. शेरडू बसलं तर लेंड्या असतात, केस असतात. काही नव्हतं. आणि दुपारचे बारा वाजलेले, पाठ भाजत होती उन्हानं, तरी त्या दबलेल्या गवतावर दव गोठलेलं होतं. बोट लावलं तर टोचलं. भोवतालचं गवत कोरडं आणि गरम.

मी काय केलं? बुटानं ती जागा विस्कटून टाकली. का ते विचारू नका.

लॅबमध्ये गेलो तेव्हा बाई नकाशासमोर उभी होती. तिनं माझ्यासाठी एक लाल ठिपका केला होता. बारा, दहा, सात. बाकी सगळे ठिपके, निळे, हिरवे, पिवळे, वर चढलेले.

"गंमत बघा खांबवाले," ती म्हणाली. "अख्खा डोंगर वर चाललाय. तुम्ही तेवढे एकटे खाली येताय."

५

मला तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी मीच लॅबमध्ये गेलो आणि म्हटलं, काडी द्या.

"कसली?"

"तोंडात फिरवायची. परत घ्या माझी सही. माझ्यासमोर लावा मशीनला."

बाईला बरं वाटलं. तिलाही गुंता सोडवायचाच होता. तिनं स्वतःच्या हातानं माझ्या गालातून काडी फिरवली. मी मुकाट्यानं आ केला. म्हणाली, दोन दिवसांनी या. आणि या आठवड्याच्या बाटल्या उद्याच आणून द्या, दोन्ही एकदम बघू.

दोन दिवसांनी तिनं मला आत घेतलं, दार लावलं, आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ही काडी आणि चार वर्षांपूर्वीची काडी एका माणसाची नाही."

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं.

"पण दोघांचे आईबाप एक आहेत. ती पहिली कोणाची होती?"

आता लपवून काय होणार होतं. सांगितलं. काडीचं सांगितलं. भाऊ भेगेत पडला हेही सांगितलं. आवाजाचं नाही.

बाई खुर्चीत बसली, परत उठली. आणि मग असं काही झालं की मला तिला हलवावंसं वाटलं, कानाखाली द्यावीशी वाटली. ती हसायला लागली. आनंदानं. डोळ्यात पाणी आलं तिच्या.

"अहो, तुम्हाला कळतंय का? मेलेल्या माणसाला डास चावत नाही. ते रक्त ताजं आहे. तो जिवंत आहे! डोक्याला मार लागला असेल, आठवत नसेल काही. राहिला असेल कुठंतरी मेंढपाळांच्या झोपडीत. आणि आता घराकडे येतोय, हळूहळू!"

"दोन वर्षं?"

"माणसं राहतात."

"दोन हिवाळे, बाई. तिथं हिवाळ्यात थुंकलं तर खाली गोटी पडते."

तिनं ऐकलं नाही. आशा लागली की शिकलेलं माणूसही येडं होतं. "मी परवा माणसं घेऊन येते, शोधू. तुमच्या आईला मी येऊन सांगू का? केवढं बरं वाटेल त्यांना!"

"आईला कोणी काही सांगायचं नाही," मी टेबलावर हात आपटला. काचेच्या नळ्या खणखणल्या. बाई मागं सरकली. मी हात काढून घेतला. "मी सांगतो. माझं मी सांगतो."

"बरं. तुम्हीच सांगा. पण लवकर सांगा." तिनं कागद बघितला. "कारण या आठवड्यात चौथ्या खांबावर आहे. तीनशेच्या वर डास. आणि कालपरवाचं रक्त."

चौथ्या खांबावरून आमचं धुराडं दिसतं. सावकाश उतरलं तरी अर्धा तास.

मी दारापर्यंत गेलो. बाई मागून म्हणाली, "एक विचारू? त्यानं सरळ घरी का नाही यावं? आठ दिवसांत दोन-तीन खांब. एवढं हळू कोण चालतं?"

पाय मोडलेला माणूस, मी मनात म्हटलं.

६

लॅबमधून तसाच वर गेलो. घरावरून गेलो पण आत डोकावलो नाही. खिडकीत आई होती, तिनं हात केला, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. ठरवलं होतं की आधी त्याला गाठायचं. आईच्या आधी. जिवंत असेल तर पाया पडेन, थोरला असून पडेन, म्हणेन सांगू नकोस तिला. नसेल तर... नसेल तर काय ते ठरवलं नव्हतं.

पहिल्या खांबापर्यंत ऊन होतं. दुसऱ्यापाशी धुकं लागलं. दुपारचे दोन असतील. धुकं पांढरं, जाड, वीस पावलांपुढं काही नाही.

दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये माझ्या लक्षात आलं की काहीतरी नाहीये. बराच वेळ काय ते कळेना. वारा नव्हता, तो अधूनमधून नसतोच. ओढ्याचा आवाज होता. माझा श्वास होता. मग कळलं.

एकही डास मला चावत नव्हता.

घाईत निघालो होतो, हात उघडे, मान उघडी, घामानं भिजलेलो. या दिवसांत त्या वाटेवर मिनिटाला दहा मारावे लागतात. मी उभा राहिलो, बाही कोपरापर्यंत वर केली, हात पुढं धरला. मनात पंचवीसपर्यंत मोजलं. काही नाही. जसा मी तिथं नव्हतोच.

आणि तेव्हा गुणगुण ऐकू आली. वरून, वाटेच्या डाव्या अंगानं. एक-दोन डासांची नव्हे. दुरून मशीन चालू असल्यासारखी, जाड, एकसुरी. डोंगरावरचे सगळे डास एका जागी जमले तर होईल तशी.

धुक्यात एक काळपट खांब दिसला. आधी वाटलं आपलाच, तिसरा. पण तिसरा वाटेच्या उजवीकडे आहे. आणि आपले खांब हलत नाहीत.

डासांचा होता तो. जनावर चालतं तेव्हा त्याच्या डोक्यावर डासांचा झुबका चालतो ना, तसा. फक्त हा जमिनीपासून होता, माणसाच्या उंचीच्या वर गेलेला. आत काय आहे ते दिसत नव्हतं. खरं सांगू, आत काही होतं का तेच दिसत नव्हतं. तो एकदा खाली वाके, मग जरा पुढं येई, मग थांबे. वाके, पुढं येई, थांबे. गवताचा घासल्याचा आवाज येई, एका बाजूनंच.

मी म्हटलं, "धाकट्या?"

गुणगुण थांबली.

हजारो डास, आणि एका क्षणात थांबली. ते उडत होते की नाही मला माहीत नाही, मी बघत राहिलो नाही. ओढा वाजत होता. त्या शांततेत मला एवढंच कळलं की ते जे काही होतं ते आता माझ्या तोंडाकडे बघतंय.

मी पळालो. दुसऱ्यांदा. यावेळी कोणी थांब म्हटलं नाही.

७

पळताना एकच डोक्यात होतं. तो बोलायच्या आत मी बोलायचं. आईला त्याच्या तोंडून कळलं तर ती मेली तरी मला माफ करणार नाही. माझ्या तोंडून कळलं तर निदान शिव्या देईल.

दार ढकललं. चूल पेटलेली होती, चांगली धडधडत. तरी खोलीत तोंडातून वाफ निघत होती.

आई तिच्या खाटेवर बसली होती. खिडकीशी नव्हती. कधी नव्हे ती भिंतीला टेकून, आतल्या खोलीच्या दारासमोर. दार उघडं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. आतली खिडकी बंद, अंधार.

"आलास?" ती म्हणाली. "बस. धापा टाकतोयस."

मी बसलो. आतल्या खोलीकडे पाठ करून, तिच्यासमोर, जमिनीवर. वाट बघितली. ती शालीचा कोपरा चाचपत राहिली.

"आज विचारत नाहीस?" मी म्हटलं.

"काय?"

"नेहमीचं."

"विचारून काय होतंय रे. तू सांगशील तेव्हा सांगशील."

हे ऐकलं आणि माझ्या अंगातला होता नव्हता राग गेला. चाळीस वर्षं जो राग अंगात घेऊन फिरलो, तो असा गेला की मी आतून पोकळ झालो. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. पाय बर्फ झालेले.

"आई, तो बोलत होता."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तासभर बोलत होता. पाय मोडला म्हणाला. मी निघालो तेव्हापण बोलत होता. मी खाली येऊन खोटं सांगितलं. लोक विचारतील म्हणून. सांगितलं असतं खरं तर रात्रीच गेले असते सगळे. दोर होते, कंदील होते. मी नाही म्हटलं, आई. मीच नाही म्हटलं."

"शेवटी काय म्हणाला?"

"दादा, थांब म्हणाला."

आईनं लांब श्वास सोडला. त्याची वाफ माझ्या केसांवरून गेली. मग तिनं मान वर केली आणि बोलली. माझ्याशी नाही. माझ्या डोक्यावरून, आतल्या खोलीकडे.

"ऐकलंस ना? बोलला तो. मी म्हटलं नव्हतं, बोलेल म्हणून? तुझा भाऊ आहे, अंगावर येतो पण पोटात ठेवत नाही." तिचा आवाज मऊ होता, लहानपणी आमचं भांडण सोडवताना असायचा तसा. "आता झालं बाबा. आता जा तू. मी आहे इथं त्याच्यापाशी."

आत खाट करकरली. बसलेलं माणूस उठतं तशी.

मी हललो नाही. आईचे डोळे माझ्या समोर होते, दोन हातांवर, आणि मला दुसरीकडे बघायचंच नव्हतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो.

ते डोळे आतल्या दाराशी होते. मग हळूहळू सरकायला लागले. जरा सरकत, थांबत. जरा सरकत, थांबत. मागं जमिनीवर काहीतरी घासत होतं. डोळे खोलीच्या मध्यावर आले. मी मनात म्हणत होतो, दाराकडे, बाहेरच्या दाराकडे, जा बाबा, आईनं सांगितलंय, जा. बाहेरचं दार तिच्या डाव्या हाताला. तिच्या डोळ्यांना तिकडे वळायला हवं होतं.

ते वळले नाहीत. माझ्यावर आले.

"नको रे," आई म्हणाली. अगदी हळू. माझ्या केसातली तिची बोटं घट्ट झाली.

तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या टाळूच्या वर, जवळजवळ छतापाशी होती, आणि तिथंच थांबली होती. मी जमिनीवर बसलेलो. माझ्या पाठीला चिकटून कोणी उभं राहिलं तर त्याचं तोंड जिथं येईल, तिथं.